बाळासाठी आयत्या वेळी जुळवलेली गाणी

पाऊलखूण

आई बाळासमोर गाते तेव्हा ती नेमकं काय करत असते, यावर सविस्तर बोलायची खूप दिवसांची इच्छा आहे. अंगाई म्हटलं की आपलं बोलणं लगेच झोपेवर येतं. बाळ झोपलं का, किती वेळात झोपलं, कुठलं गाणं लवकर लागू पडतं. मला दिवसभरातल्या बाकीच्या गाण्यांबद्दल लिहायचंय. लंगोट बदलताना, नखं कापताना, वाहतं नाक पुसताना जी दोन-दोन ओळींची गाणी तोंडात येतात, ज्यांना ना नाव असतं ना कुणी ती लिहून ठेवतं, ती गाणी. माझं ठाम मत आहे की ती खरीखुरी रचना असते आणि ती म्हणणारी बाई त्या घडीला रचनाकार असते, मग तिने आयुष्यात दुसरी एक ओळ रचलेली नसली तरी.

माझी मुलगी सात महिन्यांची आहे. बाहीत हात घालायला तिचा सक्त विरोध. त्यातून हे जुळलं:

हात कुठं गेला? बाहीत गेला, बाहीत गेला.
बाहीतून बाहेर कोण आला?
अंगठा आला, अंगठा आला!

चाल तीन सुरांची. तिसऱ्या ओळीआधी मी थांबते. पहिल्यांदा थांबले ते हात बाहेर यायला वेळ लागला म्हणून. मी थांबले तशी तिची लाथाबुक्की बंद झाली आणि ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली. मग ते थांबणं गाण्यातच बसलं. कधी मी ते लांबवते, कधी आखडतं घेते. फारच लांबलं तर ती 'हं' करून मला पुढे ढकलते. एकदा हात कोपराशी अडला, ती रडायच्या बेतात होती, तेव्हा 'कोपर म्हणतो मी नाही येत' अशी ओळ घुसवली. हल्ली हात कुठेच अडत नाही, पण ती ओळ गाळली की तिला पटत नाही.

एलन डिसानायके या अमेरिकन अभ्यासक बाईंनी कलेची मुळं आई-बाळाच्या अशाच देवाणघेवाणीत शोधली आहेत. साध्या आवाजाला ठरीव आकार देणं, तो परत परत म्हणणं, वाढवून-चढवून म्हणणं, त्यात नवं काही भरत जाणं आणि आता पुढे काय येणार याची समोरच्याला वाट बघायला लावणं, अशी पाच अंगं त्या सांगतात. झबलं घालण्याच्या या गाण्यात मला ती पाचही दिसतात. त्यातलं शेवटचं अंग तर माझ्या मुलीनेच मला शिकवलं.

तुमच्याकडची अशी गाणी सांगा. शब्द कसे आले, चाल कुठून आली, बाळाने त्यात काय बदल करायला लावला, तेही लिहा.

निळीशाई

किती दिवसांनी मनातलं कुणीतरी लिहिलंय! आमच्याकडे नखांचं गाणं आहे.

एक नख चंद्राचं, एक नख ताऱ्याचं,
एक नख कुणाचं? धावणाऱ्या वाऱ्याचं.

चाल माझ्या आईच्या अंगाईची, फक्त ठेका दुप्पट. 'वाऱ्याचं' म्हणताना मी त्या बोटावर फुंकर घालते. आता मुलगा आधीची दोन बोटं कशीबशी सोसतो आणि तिसरं स्वतःहून पुढे करतो. शब्द काही खास नाहीत, पण कात्री बघितली की रडणारं मूल बोट पुढे करायला लागलं, याचं मला फार अप्रूप आहे.

तर्कट

विषय आवडला, म्हणूनच एक मूळ शंका विचारतो. याला सर्जनशीलता म्हणावं का? सर्जनात नवेपणा हवा. इथे तर सगळा जोर तेच ते म्हणण्यावर आहे. टोरांटो विद्यापीठाच्या सँड्रा ट्रेहब आणि टोन्या बर्जेसन यांनी २००२ साली एक अभ्यास मांडला होता. त्यात आयांचं एकच गाणं काही दिवसांच्या अंतराने दोनदा ध्वनिमुद्रित केलं होतं. दोन्ही वेळच्या पट्टीत आणि लयीत जवळजवळ फरकच नव्हता. त्याच आया बाळाशी बोलत होत्या तेव्हा मात्र आवाजाची उंची आणि वेग बराच बदलत होता. म्हणजे बाळापुढे गाणारी आई, निदान पट्टी आणि लयीपुरती, कमालीची एकसुरी असते. माझ्या मते हा विधी आहे आणि विधी म्हणूनच तो मोलाचा आहे. बाळाला काय हवं असतं? कालचंच आजही व्हावं. मग त्यावर निर्मितीचं लेबल लावून आपण काय मिळवतो?

गंधार

तर्कटराव, शंका रास्त आहे. मी गाणं शिकवते, त्या बाजूने थोडं लिहिते.

तुम्ही दिलेला अभ्यास खरा आहे, आणि मला त्यातून उलट अर्थ लागतो. कुठल्याही वाद्याचा आधार नसताना, दिवसांमागून दिवस, दमलेल्या अवस्थेत तीच पट्टी धरणं हे सोपं काम नाही. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना ते जमत नाही. आईला जमतं, कारण ते गाणं तिच्या अंगात एका ठरावीक हालचालीसकट मुरलेलं असतं.

पट्टी आणि लय स्थिर राहिली तरी बाकीचं किती हलतं ते बघा. ट्रेहब यांच्याच गटाने आयांना एक गाणं दोनदा गायला सांगितलं होतं, एकदा बाळ समोर असताना आणि एकदा नसताना. ऐकणाऱ्यांना बाळासमोरचं गाणं कुठलं हे ओळखता आलं. बाळासमोर आवाज चढा होतो, लय संथ होते आणि स्वरात भाव उतरतो. बाळ हजर नसताना खोटं खोटं तसं गाणं आयांना नीट साधत नाही.

आणखी एक. एकच गाणं अंगाई म्हणूनही गाता येतं आणि खेळगाणं म्हणूनही. लॉरेल ट्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये आयांकडून हेच करून घेतलं. खेळगाण्याच्या ढंगात गायलेलं ऐकताना बाळांचं लक्ष आईकडे वळलं, अंगाईच्या ढंगात गायलेलं ऐकताना स्वतःकडे. शब्द तेच, चाल तीच, अर्थ निराळा. मैफलीत एकच बंदिश दोन अंगांनी मांडणाऱ्याला आपण दाद देतो. ही बाई ते एका हातात लंगोट धरून करते.

हा ढंग जगभर ओळखू येतो, हेही नोंदवते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २१ समाजांतल्या ४१० माणसांची १,६१५ ध्वनिमुद्रणं जमवली होती. बाळाला उद्देशून म्हटलेलं गाणं कुठलं आणि मोठ्यांसाठीचं कुठलं, हे १८७ देशांतल्या ५१ हजारांवर श्रोत्यांना विचारलं गेलं. भाषेचा गंध नसतानाही त्यांचे अंदाज नुसत्या योगायोगापेक्षा सरस ठरले.

पाऊलखूण

गंधारताई, लंगोटाच्या वाक्यासाठी वेगळे आभार!

तर्कट, तुमचा मुद्दा मला टाळायचा नाही. नवेपणा आणि तेचतेपणा आमच्या घरी एकमेकांना धरून असतात. मुलीला गाणं पाठ आहे म्हणून तर थांबण्यात मजा येते. तिला पुढचा शब्द माहीतच नसता तर मी थांबले काय नि न थांबले काय, तिला काही फरक पडला नसता. चौकट ती धरून ठेवते आणि मी त्या चौकटीत खेळते. जेम्स कॉफमन आणि रोनल्ड बेगेटो यांनी २००९ मध्ये सर्जनशीलतेच्या चार पातळ्या मांडल्या. जग बदलणारी, व्यावसायिकांची, रोजच्या जगण्यातली, आणि त्याही आधीची, जिथे एखादी गोष्ट फक्त करणाऱ्यालाच नवी आणि अर्थपूर्ण वाटते. आपली गाणी तिसऱ्या पातळीवर सहज बसतात. जगात पहिल्यांदा घडल्याचा दाखला तिथे लागत नाही. बाही घालण्याचा प्रश्न सुटला आणि दोघींना आनंद झाला, एवढं तिथे पुरतं.

लेबल कशासाठी, असं तुम्ही विचारलंत. आईचा दिवस 'काहीच झालं नाही' या खात्यात जमा होतो, म्हणून. दिवसभर काय केलंस, याचं उत्तर देताना ती स्वतःच ही गाणी मोजत नाही.

साधीमाणसं

मला गाता येत नाही. शाळेत समूहगीतातून मला बाजूला काढलं होतं आणि 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलं होतं. ते अजून टोचतं. म्हणून मी बाळाला मोबाइलवर अंगाया लावून देते. आवाज उत्तम, सूर पक्के. माझ्या बेसूर आवाजाने त्याचे कान बिघडण्यापेक्षा ते बरं, असं वाटतं. यात काही चुकतंय का? खरंच विचारतेय.

गंधार

आधी तुमच्या शाळेतल्या त्या प्रसंगाबद्दल. कुणाही मुलाला असं सांगू नये. फार वाईट वाटलं.

आता उत्तर. मोबाइलवरची गाणी वाईट नाहीत. माँट्रियलमधल्या एका प्रयोगात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना अनोळखी भाषेतलं गाणं ध्वनिमुद्रणावरून ऐकवलं. समोर कुणी गाणारं नव्हतं. बाळं सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली, नुसतं बोलणं ऐकवलं तेव्हा चारेक मिनिटंच. स्वयंपाकघरात हात अडकलेत, बाळ कुरकुरतंय, तर खुशाल लावा.

पण सॅम्युएल मेहर, ली ॲन साँग आणि एलिझाबेथ स्पेल्की यांचा २०१६ चा प्रयोगही ऐका. पाच महिन्यांच्या बाळांना एक नवं गाणं घरी ओळखीचं करून दिलं. काहींना ते आई किंवा वडिलांनी गाऊन दाखवलं, काहींना तेच गाणं वाजवणारं खेळणं दिलं. नंतर पडद्यावर दोन अनोळखी माणसं दाखवली, एक ते गाणं गाणारं, दुसरं निराळ्या चालीतलं. ज्यांनी ते आईवडिलांकडून ऐकलं होतं ती बाळं ओळखीचं गाणं गाणाऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली. खेळण्यातून ऐकलेल्यांमध्ये ते दिसलं नाही. गाणं कुणाच्या तोंडून आलं याची नोंद बाळ घेतं.

कान बिघडण्याची भीती सोडा. एका सुरावर, बोलल्यासारखं म्हणा. सुरुवात त्याच्या नावापासून करा. नाव लांबवलं, शेवटी आवाज थोडा खाली आणला की झालं गाणं.

रात्रपाळी

मी नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात परिचारिका आहे. आमच्याकडचं थोडं सांगते.

अपुऱ्या दिवसांची बाळं पेटीत असतात. अनेक आयांना सुरुवातीला बाळ कुशीत घेता येत नाही. पेटीच्या खिडकीतून हात आत घालायचा आणि तळवा बाळाच्या डोक्याशी नि पायाशी नुसता ठेवायचा. अशा वेळी आई विचारते, 'मी काय करू?' तिच्या हातात करण्यासारखं खरंच फार थोडं असतं. आम्ही म्हणतो, गुणगुणा. एकच ओळ, एकदम हलक्या आवाजात, त्याचा श्वास बघत. बाळाने बोटं ताणून फाकवली, तोंड फिरवलं, रंग बदलला किंवा उचकी लागली तर थांबायचं. ते त्याचं 'पुरे' असतं. जरा वेळाने परत. कक्षात यंत्रांचा आवाज आधीच असतो, म्हणून जास्त जोरात किंवा जास्त वेळ गाणं टाळायचं.

एका आईची ओळ माझ्या कानात बसली आहे: 'नळी तुझी, तार तुझी, बोट मात्र माझं.' एवढंच. रोज यायची आणि हेच म्हणायची. काही दिवसांनी नळी निघाली तेव्हा तिने 'नळी तुझी' गाळलं आणि तिथे बाळाचं नाव घातलं. कुणी सुचवलं नव्हतं.

याला वैद्यकीय पाठबळही आहे. अमेरिकेत जोआन लोवी आणि सहकाऱ्यांनी ११ रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांना जवळचं वाटणारं गाणं अंगाईच्या ढंगात प्रत्यक्ष गायलं जायचं. बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर आणि चोखण्यावर संगीताचा चांगला परिणाम नोंदवला गेला, आणि आईवडिलांचा ताणही कमी झाला. मुद्दाम 'बाळगाणं'च हवं असं नव्हतं. घरातलं कुठलंही आवडतं गाणं चालत होतं.

अनामिका

सगळं वाचलं. लिहू की नको करत होते. बाळ झाल्यावर बरेच महिने माझ्या तोंडून एक ओळही आली नाही. दूध पाजणं, कपडे बदलणं, सगळं वेळेवर करत होते, पण आतून आवाज बंद. अशा आईने हे वाचलं तर तिला वाटेल, आता गाणंही आलं पाहिजे म्हणे. कृपया ते तसं होऊ देऊ नका.

पाऊलखूण

अनामिका, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. गाणं हे आईपणाच्या यादीतलं आणखी एक काम होऊ नये, हे अगदी मान्य. न गाणारी आई कमी प्रेमळ असते असं या धाग्यातून कुणालाही वाटलं, तर माझं लिहिणंच वाया गेलं. तुला तेव्हा मदत मिळाली का? अजून तसं वाटत असेल तर डॉक्टरांशी बोल गं. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा उपचार होणारा आजार आहे.

याच संदर्भात एक माहितीसाठी. इंग्लंडमध्ये डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आयांचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक गट दहा आठवडे बाळांना घेऊन एकत्र गायचा, एक गट एकत्र खेळायचा, एकावर नेहमीचेच उपचार. ज्यांची लक्षणं मध्यम ते तीव्र होती, त्यांच्यात गाणाऱ्या गटाला लवकर उतार पडला. तिथे एकटीने काही सुचवायचं नव्हतं. बाकीच्या गात होत्या, आपण त्यात आपला आवाज मिसळायचा. एकटीला सुचत नाही तेव्हा असा आधार लागतो.

आणि गाण्यात सगळं गोडच असायला हवं हेही खरं नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची बॅबिलोनी मातीची पाटी आहे. तिच्यावर बाळाला शांत करण्यासाठीचे शब्द कोरलेले आहेत, आणि त्यात बाळाला चक्क दटावलंय, की तुझ्या रडण्याने घरातल्या देवाची झोप मोडली. स्पॅनिश कवी लॉर्काने १९२८ साली स्पेनमधल्या अंगायांवर व्याख्यान दिलं होतं, त्यात त्या इतक्या उदास का, हाच त्याचा प्रश्न होता. बाळाला शब्द कळत नाहीत, चाल कळते. त्यामुळे आईला आपला शीण, राग, एकटेपण बाळाच्या तोंडावर म्हणता येतो आणि बाळ त्यावर शांत होतं. 'मी दमले, मी दमले, तू नाही का रे दमला' हेसुद्धा गाणंच आहे. मी म्हटलेलं आहे.

अनामिका

मदत मिळाली. आता बरी आहे. 'मी दमले' वाचून रडू आलं, पण चांगलं रडू. मला हे गाणं तेव्हा हवं होतं.

बोटांचीभाषा

मी जन्मापासून बहिरी. माझी मुलगी ऐकते. वर सगळे आवाजाबद्दल बोलताय म्हणून लिहिते. माझं गाणं हातात आहे. 'पक्षी' ही खूण मी तिच्यासाठी मोठी करते, हळू करते, तिच्या पोटावर नेऊन उतरवते, परत उडवते. जपानमध्ये नोबुओ मासाताका यांनी १९९२ मध्ये बहिऱ्या आयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळाशी खुणांनी बोलताना त्या आया हात संथ आणि मोठे करत होत्या, तीच खूण पुनःपुन्हा करत होत्या. मला कुणी शिकवलं नव्हतं. मुलगी हसली तिथे मी परत केलं. ती आता स्वतःच्या पोटावर पक्षी उतरवते.

तर्कट

इथे माझं मत थोडं हललं आहे. विशेषतः 'नळी तुझी' या ओळीने. तिथे बदल अगदी छोटा आहे, पण तो नेमक्या जागी आणि नेमक्या दिवशी झाला. त्याला निर्मिती म्हणायला माझी हरकत नाही. तरी रोजच्या शंभर गुणगुणण्यांपैकी बहुतेक सवयीची असतात, असंच मला वाटतं. आणि त्यात कमीपणा काही नाही.

एक विचारायचं होतं. बाबांचं काय? मी रात्री मुलाला फिरवताना पावलांच्या ठेक्यावर आकडे मोजतो. चाल नाही, फक्त ठेका.

गंधार

बाबाही बाळासमोर गाताना आवाज बदलतात, हे तपासून झालंय. इतकंच काय, घरातली मोठी भावंडंही धाकट्यासमोर निराळी गातात. आणि ठेका काही कमी महत्त्वाचा नाही. ट्रेनर आणि जेसिका फिलिप्स-सिल्व्हर यांनी २००५ मध्ये सात महिन्यांच्या बाळांना एकाच संदिग्ध, म्हणजे कुठेच आघात नसलेल्या तालावर उडवलं, काहींना दर दुसऱ्या मात्रेला, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्याला जसं उडवलं होतं, तशाच आघाताचा ताल ते जास्त वेळ ऐकत राहिलं. ताल कानाइतकाच अंगातून शिकला जातो. तुमचे आकडे तीन-तीनच्या गटात मोजून बघा, चार-चारपेक्षा झुलण्याचा भास वेगळा येतो.

निळीशाई

ही गाणी जपायची कशी? न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने २०११ मध्ये ब्रॉन्क्समधल्या एका रुग्णालयातून एक प्रकल्प सुरू केला होता. त्यात गरोदर बायका आणि नव्या आया कलाकारांच्या सोबतीने आपल्या बाळासाठी अंगाई लिहितात आणि ती ध्वनिमुद्रित होते. आपल्याला कलाकार कुठून मिळणार, पण मोबाइल आहे. नखांचं गाणं रेकॉर्ड करून ठेवावं म्हणते.

पाऊलखूण

जरूर कर. मोबाइल बाजूला ठेव, तुझ्या हातात नको. त्याचे आवाजही येऊ देत, तो अर्धा भाग त्याचा आहे. फाइलच्या नावात महिना लिही. आणि जमलं तर गंधारताईंनी सांगितलेला प्रयोगही कर. एकदा तो समोर असताना, एकदा तू एकटी असताना.

निळीशाई

केलं. दोन्ही ऐकली. एकटीने म्हटलं ते चक्क गडबडीत म्हटल्यासारखं वाटतं, आवाजही खालचा. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या ओळीतलं 'धावणाऱ्या' मला आठवेचना. त्याच्यासमोर ते कधीच विसरत नाही.

गंधार

बोट हातात नव्हतं ना, म्हणून. शब्द त्या त्या बोटाला बांधलेले असतात, बोट दिसलं की पुढचा शब्द येतो. माझ्याही विद्यार्थ्यांचं हातांनी ताल धरला नाही की कडवं निसटतं. पुढच्या वेळी एकटीने म्हणताना आपल्याच बोटांवर म्हणून बघ, आणि तिसऱ्यावर फुंकर घालायला विसरू नकोस.